गाव शहर झालं, सभा गेली



शेंदूरजनाघाटच्या या व्याख्यानाचा विषय विचारायला संयोजकांचा फोन आला तेव्हा मी म्हणालो, किनाऱ्यावरच्या लहान गावांचा कारभार कसा चालतो यावर बोलतो. पलीकडून थोडा वेळ आवाजच आला नाही. मग म्हणाले, "भाऊ, आपल्या इथं समुद्र कुठून आणता?" रास्त प्रश्न. उत्तरेला सातपुडा, त्याच्या पल्याड मध्य प्रदेश आणि मधे संत्र्याच्या बागा. आपल्यापैकी बहुतेकांनी समुद्र पाहिला तो मुंबईला कुणाच्या तरी दवाखान्याच्या किंवा मंत्रालयाच्या कामाला गेलो तेव्हा, संध्याकाळी तासभर.

तरी मी विषय बदलला नाही, आणि त्याला कारण आहे. किनाऱ्यावरचं लहान गाव आणि शेंदूरजनाघाट यांच्यात कारभाराच्या अंगानं फार साम्य आहे. तिथं सगळं गाव समुद्रावर जगतं, इथं संत्र्यावर आणि संत्र्याच्या कलमांवर. जंभेरीच्या खुंटावर डोळा बांधून तयार केलेली इथली रोपं मध्य प्रदेश-राजस्थानपर्यंत जातात. दोन्हीकडे वस्ती इतकीच की नगराध्यक्ष रस्त्यात भेटतो, आणि नगरसेवकाचं घर कुठल्या बोळीत आहे ते शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतं. अशा ठिकाणी लोकांचा कारभार लोकांनी चालवावा हे जितकं सोपं, तितकं ते मुंबई-पुण्यात नाही. तरी तो तसा चालत नाही. असं का, याचं एक कारण मला किनाऱ्यावर सापडलं, ते आज मांडतो.

गोव्यात कळंगुट आहे. नाव तुम्ही ऐकलं असेल, निदान तुमच्या पोरांनी तरी ऐकलं असेल. २०११ च्या जनगणनेत तिथली वस्ती तेरा-चौदा हजारांच्या घरात होती. जनगणनेच्या हिशेबी ते नगरच आहे, पण कारभार ग्रामपंचायतीचा. त्याच्या उत्तरेला, आपल्या सिंधुदुर्गात वेंगुर्ला आहे. तिथली वस्ती बारा हजारांच्या आसपास, म्हणजे कळंगुटपेक्षा कमी. तिथं नगरपरिषद आहे, आणि तीही जुनी, १८७६ ची. आता आपलं शेंदूरजनाघाट. वस्ती वीस हजारांवर, नगरपरिषद, वर्ग क. चाळीस हजारांपर्यंतच्या सगळ्या नगरपरिषदा याच वर्गात बसतात.

कळंगुटला जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबर या महिन्यांत रविवारी ग्रामसभा भरते. मतदारयादीत नाव असलेला कुणीही उठतो आणि सरपंचाला विचारतो, अमक्या हॉटेलला परवाना कसा मिळाला? सांडपाणी कुठं जातं? कचऱ्याच्या ठेक्यावर किती गेले? या सभा गाजतात. कधी आवाज चढतात, दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी येते. सरपंचाला उत्तर द्यावं लागतं, निदान उत्तर दिल्यासारखं तरी करावं लागतं.

वेंगुर्ल्याच्या माणसाला हे करता येत नाही. तुम्हालाही येत नाही. शेजारच्या जरूडच्या माणसाला मात्र येतं. बेनोड्याच्या माणसाला येतं. तिथं ग्रामपंचायत आहे, आणि ग्रामपंचायतीच्या कायद्याप्रमाणे वर्षाला किमान चार ग्रामसभा घ्याव्याच लागतात. जरूडहून शेंदूरजन्याला सून म्हणून आलेल्या बाईचा विचार करा. माहेरी ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा व्हायची. तिथं उठून दारूच्या दुकानाबद्दल, नळाबद्दल, अंगणवाडीबद्दल बोलायचा तिला हक्क होता. लग्न करून ती चार-दोन कोसांवर आली, आणि तो हक्क गेला. तिनं काही चूक केली नाही. तिच्या सासरच्या गावाच्या दारावर दुसऱ्या कायद्याची पाटी लागलेली होती, एवढंच.

हे झालं कसं? संविधानाची ७३ वी दुरुस्ती गावांसाठी आणि ७४ वी शहरांसाठी. दोन्ही १९९२ च्या. एक २४ एप्रिल १९९३ ला अमलात आली, दुसरी १ जून १९९३ ला. मधे सव्वा महिना. पहिलीत ग्रामसभेला संविधानात जागा मिळाली. दुसरीत मतदारांच्या सभेची ओळच नाही. तिच्या जागी 'वॉर्ड समित्या' आल्या, आणि त्यासुद्धा तीन लाख किंवा त्याहून जास्त वस्तीच्या शहरांना सक्तीच्या. म्हणजे आपल्या जिल्ह्यात अमरावती शहर सोडलं तर कुणालाच नाही. पुढे केंद्राच्या शहर योजनेच्या अटीपोटी महाराष्ट्रानं २००९ मध्ये महानगरपालिकांच्या कायद्यात मतदारांची 'क्षेत्रसभा' आणली. पुण्या-मुंबईत कुणी नातेवाईक असेल तर त्याला विचारून पाहा, तुमची क्षेत्रसभा कधी भरली होती. क्षेत्रसभा म्हणजे काय, असंच तो आधी विचारील.

कायदा करणाऱ्यांचं गणित मला समजतं. शहर म्हटलं की त्यांच्या डोळ्यांपुढे मुंबई येते, आणि कोटभर माणसं एका मैदानात कशी बसवणार? पण महाराष्ट्रात शहर म्हणून मोजलेल्या शेकडो ठिकाणांत वेंगुर्ला आहे, मुरूड आहे, श्रीवर्धन आहे, शेंदूरजनाघाट आहे. आणि आपल्या जिल्ह्यातलं चिखलदरा तर उन्हाळ्यात पाहुण्यांनी भरलं तरच शहरासारखं दिसतं. या सगळ्यांना मुंबईचं माप लावलं. अंगरखा मोठ्या माणसाचा, आणि घालायला दिला पोराला.

मग आपल्याला काय मिळालं? प्रेक्षकाची जागा. १९६५ च्या महाराष्ट्र नगरपरिषदा कायद्याप्रमाणे सर्वसाधारण सभा दोन महिन्यांतून एकदा घ्यायची. सभासदांनी बहुमतानं वेगळं ठरवलं नाही तर ती लोकांना खुली असते. खुली याचा अर्थ येऊन बसता येतं. बोलता येत नाही. गॅलरीत बसलेल्यानं तोंड उघडलं तर पीठासीन अधिकारी त्याला बाहेर काढू शकतो. मी ज्या ज्या लहान नगरपरिषदांत सभा बघितल्या, तिथं बहुतेक वेळा गॅलरीत एखादा पत्रकार, एखादा ठेकेदार आणि पुढच्या निवडणुकीची तयारी करणारा एखादा तरुण असायचा. क्वचित एखादी म्हातारी आपला नळ न येण्याचं गाऱ्हाणं घेऊन आलेली. ती शिपायाला हळूच विचारते, "बाबू, मायं कवा इचारतीन?" तिचा विषय विषयपत्रिकेवर नसतो, आणि तो तिथं कसा आणायचा हे तिला कुणी सांगितलेलं नसतं.

आणि विषयपत्रिकाही पाहण्यासारखी असते. पहिला विषय मागील सभेचं इतिवृत्त कायम करणं. पुढे घरपट्टीच्या अपिलांची सुनावणी, पाणीपुरवठ्याच्या पंपाची दुरुस्ती, दलित वस्ती सुधार योजनेतून रस्ता, वित्त आयोगाच्या निधीतून नाली, एखाद्या निविदेला मंजुरी, आधीच होऊन गेलेल्या खर्चाला कार्योत्तर मंजुरी. शेवटी अध्यक्षांच्या परवानगीनं येणारे ऐनवेळचे विषय. सगळ्यात महत्त्वाचं ते बरेचदा याच शेवटच्या पोतडीतून निघतं. इतिवृत्तात सूचक कोण, अनुमोदक कोण हे लिहिलेलं असतं. पण कुण्या नगरसेवकानं अर्धा तास उभं राहून या पाइपलाइनचा खर्च दुप्पट कसा झाला असं विचारलं असेल, तर तो अर्धा तास 'सविस्तर चर्चेअंती' या दोन शब्दांत मावतो. वर्षभरानं कुणी इतिवृत्त काढलं तर त्याला वाटेल, या गावात कधी कुणाचे कुणाशी मतभेद झालेच नाहीत.

मतभेद नोंदवणं किती मोठी गोष्ट असते याचा दाखला दीडशे वर्षांपूर्वीचा आहे. १८८० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड लिटन पुण्याला येणार होते. त्यांच्या स्वागतासाठी पुणे नगरपालिकेनं हजार रुपये खर्चावे असा ठराव आला. सभासद बत्तीस, सगळे सरकारनं नेमलेले. त्यात एकट्या जोतीराव फुल्यांनी विरोध केला. हे पैसे शिक्षणाला द्या, म्हणाले. ठराव मंजूर झाला, पैसे खर्च झाले. आज तो ठराव आपल्याला ठाऊक आहे तो त्या एका विरोधामुळे. बाकीच्या एकतीस जणांपैकी दोघांची तरी नावं सांगता येतील का तुम्हाला?

नगरपालिकेचा ठराव म्हणजे कागद, असं आपण सहज म्हणतो. महाडला जाऊन आलेला माणूस तसं म्हणणार नाही. महाड हे कोकणातलं, सावित्रीच्या काठचं बंदराचं गाव. ते काही वाळूचा किनारा असलेलं पर्यटनाचं ठिकाण नव्हे. पण लहान नगरपालिकेचा ठराव काय करू शकतो आणि काय करू शकत नाही, हे महाडइतकं स्पष्ट दुसरीकडे दिसत नाही. म्हणून इथं थोडा वेळ थांबू.

४ ऑगस्ट १९२३ ला मुंबई विधिमंडळात सीताराम केशव बोले यांचा ठराव मंजूर झाला. सरकारी पैशानं बांधलेली किंवा सांभाळलेली पाणवठ्याची ठिकाणं, विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्य मानलेल्या लोकांना खुले करावेत, असा तो ठराव. सरकारनं परिपत्रक काढून स्थानिक संस्थांना ते कळवलं. ५ जानेवारी १९२४ ला महाड नगरपालिकेनं आपलं चवदार तळं सगळ्यांना खुलं केल्याचा ठराव केला. आजच्या भाषेत सांगायचं तर विषय आला, मंजूर झाला, इतिवृत्तात नोंद झाली. पुढे तीन वर्षं काहीच झालं नाही. त्या ठरावाच्या बळावर एकाही माणसानं तळ्यातून ओंजळभर पाणी घेतलं नाही, कारण घेतलं तर मार खावा लागला असता. नगरपालिकेनं ठराव केला, पण अंमलबजावणीसाठी एक शिपाई उभा केला नाही.

१९ आणि २० मार्च १९२७ ला डॉ. आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली महाडला परिषद भरली. परिषदेनंतर लोक मिरवणुकीनं तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. म्हणजे तीन वर्षं पडून राहिलेला नगरपालिकेचा ठराव लोकांनी स्वतः अमलात आणला. त्यानंतर झालेला हल्ला आणि शुद्धीकरणाच्या नावाखाली तळ्यात ओतलेले घडे, हे सगळं तुम्हाला ठाऊक आहे. त्याच्या पुढची गोष्ट कमी लोकांना माहीत असते. ४ ऑगस्ट १९२७ ला महाड नगरपालिकेनं आपला १९२४ चा ठराव मागे घेतला. विधिमंडळातला बोले ठराव त्याच तारखेला, चार वर्षं आधी झाला होता. बहुमतानं दिलेलं बहुमतानंच काढून घेतलं. मग तळं नगरपालिकेचं की खासगी, यावर दिवाणी दावा उभा राहिला. तो चालत राहिला आणि १७ मार्च १९३७ ला मुंबई उच्च न्यायालयात निकाली निघाला. निकाल सत्याग्रहींच्या बाजूनं लागला. लोकांनी पाणी प्यायल्यापासून न्यायालयानं तो हक्क मान्य करेपर्यंत मधे दहा वर्षं गेली.

त्याच १९२७ मध्ये आपल्या अमरावतीत अंबादेवी मंदिर प्रवेशाची चळवळ उभी राहिली. पुढच्या वर्षी डॉ. पंजाबराव देशमुख जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष झाले आणि त्यांनी कौन्सिलच्या सार्वजनिक विहिरी अस्पृश्यांना खुल्या केल्या. महाड नगरपालिकेनं जे कागदावर केलं आणि नंतर खोडलं, ते आपल्या जिल्ह्यात एका अध्यक्षानं निभावून नेलं. ही तुलना मी आपल्या अभिमानासाठी करत नाही. दोन्हीकडे मतदार सभागृहाच्या बाहेर होते. एकीकडे आतली माणसं कच खाणारी निघाली, दुसरीकडे ठाम. आतल्या माणसांवर इतकं सोडायचं का, हा माझा प्रश्न आहे.

नशिबानं आत ठाम माणसं आली तरी त्यांच्या हातात काय असतं? इथं पुन्हा किनाऱ्याकडे वळतो. वेंगुर्ल्याची, मालवणची, मुरूडची नगरपरिषद समुद्राच्या काठाला आहे, पण समुद्र तिच्या हातात नाही. जेट्टी आणि बोटवाहतूक १९९६ पासून महाराष्ट्र मेरीटाइम बोर्डाकडे. भरतीरेषेपासून आत किती अंतरावर बांधकाम चालेल, हे केंद्राची किनारा नियमन अधिसूचना ठरवते. पहिली १९९१ ची, मग २०११ ची, मग २०१९ ची. वाळूचा परवाना जिल्हाधिकाऱ्यांकडे. नगरपरिषदेकडे उरतो तो पर्यटकांनी टाकलेला कचरा. चिखलदऱ्यातही तसंच. नगरपरिषद तिथली, पण डोंगरावरच्या विकासाचं नियोजन सिडकोकडे गेलं. आणि आपल्याकडे? संत्र्याचा भाव नगरपरिषदेच्या हातात नाही. बांगलादेशानं संत्र्यावरचं आयात शुल्क वाढवत नेलं तसा वरूड-मोर्शीतला व्यापार आखडला, आणि त्यावर ढाक्याला पत्र लिहायची आपल्या नगराध्यक्षांना सोय नाही. जमिनीखालचं पाणीही नगरपरिषदेच्या हातात नाही. वरूड तालुक्यात भूजलाचा अतिउपसा झालाय, हे सरकारी भूजल सर्वेक्षण कित्येक वर्षं सांगतंय. इथला शेतकरी त्याला 'ड्राय झोन' म्हणतो आणि तरी आणखी खोल बोअर मारतो. कारण बाग वाळली तर पुढली दहा वर्षं गेली. नळाचं पाणी आणि बागेचं पाणी एकाच पोटातून येतं. पण नळाचा विषय नगरपरिषदेत, बोअरचा तहसीलमध्ये आणि धरणाचा पाटबंधारे खात्यात.

त्यात पैशाची कथा वेगळी. १९९९ मध्ये नगरपरिषदांची जकात गेली. नाक्यावरच्या भ्रष्टाचाराचं मी समर्थन करणार नाही, पण तो गावाचा स्वतःचा पैसा होता. त्याच्या बदल्यात राज्याचं सहायक अनुदान आलं. आता क वर्ग नगरपरिषदेच्या खर्चाचा मोठा भाग अनुदानातून आणि योजनांतून निघतो. घरपट्टी आणि पाणीपट्टी हे आपल्या घरचे, आणि वसुलीत कायम मागे. माझं मत थोडं कडू आहे, ऐकून घ्या. ज्या नगराध्यक्षाचे पैसे मुंबईहून येतात, तो मुंबईकडेच पाहील. ज्या गावकऱ्यानं तीन वर्षं पाणीपट्टी भरली नाही, त्याला जाब विचारताना नगराध्यक्षाची जीभ अडखळते आणि गावकऱ्याचीही. दोघांनी एकमेकांना सूट दिलेली असते. गॅलरी रिकामी असण्याचं हेही एक कारण आहे, नुसती कायद्यातली उणीव नाही.

मधली चार वर्षं तर ही गॅलरीसुद्धा नव्हती. जिल्ह्यातल्या नगरपरिषदांमध्ये नोव्हेंबर २०१६ मध्ये निवडून आलेली मंडळी २०२१-२२ च्या संधीला घरी गेली आणि प्रशासक आले. मुदत संपण्याआधी निवडणूक घ्या, असं संविधानातला २४३-यू अनुच्छेद स्पष्ट सांगतो. पण ओबीसी आरक्षणाच्या वादात निवडणुका अडकल्या. त्या वादाचं मूळही आपल्याच विदर्भात. ४ मार्च २०२१ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल विकास किसनराव गवळी विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यातला. वाशीम, अकोला, नागपूर, भंडारा आणि गोंदिया इथल्या जिल्हा परिषद निवडणुकांवरून तो उभा राहिला. आरक्षणाला आकडेवारीचा आधार हवा, ही मागणी समजण्यासारखी होती. ती आकडेवारी वेळेत गोळा झाली असती, तर चार वर्षं गेली नसती. अखेर ६ मे २०२५ ला न्यायालयानं निवडणुका घ्यायला सांगितलं, आणि डिसेंबर २०२५ मध्ये राज्यातल्या २४६ नगरपरिषदा आणि ४२ नगरपंचायतींना पुन्हा निवडून आलेली माणसं मिळाली. निकाल २१ डिसेंबरला लागले.

प्रशासकाच्या काळात एकच अधिकारी विषय मांडायचा, त्यावर विचार करायचा आणि ठराव मंजूर करायचा. कामं झाली नाहीत असं मी म्हणणार नाही, काही ठिकाणी आधीपेक्षा बरी झाली. लोक तर म्हणायचे, नगरसेवक नव्हते तेव्हा नाली वेळेवर साफ व्हायची. मला या वाक्याची भीती वाटते, कारण त्यात थोडं खरं आहे. आणि निवडणुका होत होत्या तेव्हा नगराध्यक्ष निवडण्याची पद्धत तरी सरकारांनी कुठं स्थिर ठेवली? २००१ मध्ये थेट जनतेतून, २००६ मध्ये नगरसेवकांतून, २०१६ मध्ये पुन्हा थेट, २०२० मध्ये पुन्हा नगरसेवकांतून, २०२२ मध्ये पुन्हा थेट. अलीकडे तर सरकार बदललं की पद्धत बदलते. मतदाराला पाच वर्षांनी एकदा बटण दाबायला बोलवायचं, आणि ते बटण कुणासाठी दाबायचं याचाही नियम दर वेळी नवा.

आता कुणी म्हणेल, ग्रामसभेचं एवढं कौतुक काय? ती तरी कुठं नीट चालते? खरं आहे. गणपूर्तीसाठी पंधरा टक्के किंवा शंभर मतदार, यांपैकी जो आकडा कमी असेल तेवढे लागतात. तेवढे जमले नाहीत की सभा तहकूब, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अटच नाही. शिपाई रजिस्टर घेऊन घरोघरी सह्या गोळा करत फिरतो, हे मी पाहिलंय. घरकुलाच्या यादीवरून खुर्च्या फेकल्या जातात. स्त्रियांची सभा बरेचदा कागदावरच होते. कळंगुटच्या ग्रामसभेतही सगळे सज्जनच बोलतात असं नाही. हॉटेलवाल्यांचे हितसंबंध तिथंही येऊन बसतात. तरी गोव्याचा '२०११ प्रादेशिक आराखडा' जानेवारी २००७ मध्ये सरकारला मागे घ्यावा लागला, तो गोवा बचाव अभियानाच्या आणि गावोगावच्या लोकांच्या रेट्यानं. ग्रामसभेत आपण बोलू शकतो, हे तिथल्या लोकांच्या अंगवळणी पडलेलं होतं. तेच बळ मोठ्या लढ्याला कामी आलं. भांडणाची सवय असलेली सभा, सभाच नसण्यापेक्षा बरी.

वेंगुर्ल्याचं उदाहरण जरा उलट दिशेनं सांगतो. साधारण दहा वर्षांपूर्वी मुख्याधिकारी रामदास कोकरे यांच्या काळात त्या नगरपरिषदेनं कचऱ्याचं जे काम केलं, ते महाराष्ट्रभर गाजलं. घराघरांत कचरा वेगळा होऊ लागला. ओल्या कचऱ्याचा गॅस, प्लास्टिक रस्त्याच्या डांबरात. गावाबाहेरची कचऱ्याची जागा अशी झाली की लोक ती पाहायला येऊ लागले. बारा हजार वस्तीची, उत्पन्नानं सामान्य नगरपरिषद हे करू शकली. तेव्हा 'आमच्या हातात काही नाही' ही सबब सगळ्या ठिकाणी चालत नाही. मात्र त्या कामाला ज्याचं नाव लागलं, तो बदली होणारा अधिकारी होता. तो पुढे कर्जतला गेला, माथेरानला गेला, तिथंही असंच काम केलं. चांगला अधिकारी येईल आणि गाव सुधारेल, ही पावसावरची शेती झाली. गाडगेबाबा आपल्याच जिल्ह्यातले. हातात झाडू घेऊन गावात शिरायचे आणि मग गावकऱ्यांना लाज वाटून तेही झाडायला लागायचे. पण ते दुसऱ्या दिवशी पुढच्या गावाला जायचे. मागे राहिलेल्या गावानं काय केलं, हा प्रश्न त्या गावांतही होता आणि वेंगुर्ल्यातही आहे.

मग शेंदूरजनाघाटनं काय करावं? मी इथला मतदार नाही, तेव्हा सल्ला देताना थोडा संकोच वाटतो. पण तुम्ही मला बोलायला बोलावलं आहे, तेव्हा सांगतो.

कायदा बदलेपर्यंत थांबायचं कारण नाही. प्रत्येक सर्वसाधारण सभेच्या आधी प्रभागाप्रभागात मतदारांची सभा घ्यायची, असा ठराव नगरपरिषदेला स्वतःच करता येतो. तिथं विषयपत्रिका वाचून दाखवायची, लोकांचे प्रश्न नोंदवहीत लिहून घ्यायचे, आणि त्यांची उत्तरं पुढच्या सभेच्या इतिवृत्ताला जोडायची. असा ठराव कुठल्याही कलमात अडत नाही. त्याला वेगळा निधी लागत नाही, मुंबईची मंजुरी लागत नाही. अडेल ती नगरसेवकाची इच्छा. आपल्या प्रभागातल्या लोकांसमोर दोन महिन्यांतून एकदा उभं राहायला त्याला धीर लागेल. काही जणांना तो येईल. दोन-तीन प्रभागांत सुरू झालं तर बाकीच्यांना टाळणं जड जाईल. गावातली स्पर्धा कशी असते ते मी तुम्हाला सांगायला नको.

दुसरं, माहितीच्या अधिकाराच्या कायद्यातलं कलम ४ असं सांगतं की माहिती मागायच्या आधीच प्रसिद्ध करायची असते. इतिवृत्त, मंजूर निविदा, कोणत्या कामावर किती खर्च, हे सगळं फलकावर लागायला अर्ज लागू नये. अर्ज केल्याशिवाय ते लागत नसेल, तर अर्ज करावा. एकट्यानं केला तर तो भांडखोर ठरतो. पन्नास जणांनी केला तर कुणाच्या तोंडून तो शब्द निघणार नाही.

तिसरी गोष्ट वेळेची, आणि मला ती सगळ्यात महत्त्वाची वाटते. नगरपरिषदेची सभा कामाच्या दिवशी दुपारी घेतली, तर येणार कोण? मजूर बागेत, बाई रोपवाटिकेत, दुकानदार गल्ल्यावर. पावसाळ्यात रोपांची विक्री जोरात असते. आंबिया बहाराचं संत्रं ऑक्टोबरपासून निघायला लागतं, मृगाचं फेब्रुवारी-मार्चमध्ये. प्रभागाची सभा या दिवसांत घ्यायची असेल, तर ती रात्री आठ वाजता, जेवणं झाल्यावर, शाळेच्या पटांगणात घ्या. कळंगुटला रविवार धरतात तो उगाच नाही.

नवं सभागृह आता बसलंय. त्याचा अर्थसंकल्प फेब्रुवारीच्या विशेष सभेत येतो. पाणीपुरवठ्याला किती, दिवाबत्तीला किती, घनकचऱ्याला किती, आणि 'संकीर्ण' या शीर्षाखाली किती, हे तिथं ठरतं. माझी विनंती आहे की 'संकीर्ण'चा आकडा आधी पाहा. त्या सभेची नोटीस नगरपरिषदेच्या फलकावर लागेल. गॅलरीत खुर्च्या किती आहेत हे मुख्याधिकाऱ्यांना दोन दिवस आधी विचारून ठेवा. कमी असतील, तर घरून सतरंज्या न्याव्या लागतील.